पोल्दीच्या मयतीची गर्दी

हर्मिनेने तिसऱ्यांदा मागे वळून पाहिलं. शवपेटीमागे अजून तेवढेच होते: पाद्री, नणंद गुस्ती आणि ती स्वतः. पेटी वाहणारे सहा जण पगारी, ते धरायचे नाहीत.

"आमच्या ह्यांच्या, हेर्बर्टच्या वेळी," छत्री उंच धरत गुस्ती म्हणाली, "शेवटचा माणूस फाटकाबाहेर होता."

व्हिएन्नात माणूस जगला कसा, हे कोणी विचारत नाही. मयतीला किती जण होते, हे मात्र गल्ली वर्षभर चघळते. आणि तिच्या नवऱ्याने, पोल्दीने, उभी हयात ट्रॅममध्ये तिकिटं तपासलेली. सख्ख्या शेजाऱ्यालाही कधी सोडलं नव्हतं. येणार कोण?

"छत्री जरा खाली घ्या ना, वन्सं."

"राहू दे. कोणी चुकूनमाकून आलंच, तर दिसायला नको?"

वळणावर पावलं वाजली. रेनकोट घातलेली एकतीस माणसं, गळ्यात सारखी ओळखपत्रं, गुस्तीच्या छत्रीवर नजर लावून दोन-दोनच्या रांगेत येत होती.

"अगं, हे कोण?"

"पोल्दीची... माणसं," हर्मिने म्हणाली.

खड्ड्यापाशी रांग थांबली. टोप्या उतरल्या. एका म्हातारीने रुमालच काढला. गुस्तीने पहिल्याच उंच गृहस्थाला गाठलं.

"तुम्ही पोल्दीला कसे ओळखता?"

त्याला शब्द कळला नाही, पण चेहरा कळला. त्याने घाईघाईने खिशातून ट्रॅमचं तिकीट काढून पुढे केलं. गुस्तीने ते उलटंसुलटं पाहिलं.

"अस्सं. ट्रॅममधली ओळख."

तेवढ्यात हातात तशीच काळी छत्री घेऊन एक माणूस धापा टाकत आला. हर्मिनेलाच म्हणाला, "काकू, मी गाइड, नावराटिल. ही फिनलंडची मंडळी माझी हो! मी जरा आडोशाला काय गेलो..."

हर्मिनेने त्याची बाही घट्ट धरली.

"हळू बोला!"

"सव्वाअकराला त्यांना थोर संगीतकारांच्या कबरी दाखवायच्यात."

"ते कुठे पळून चाललेत?" मग तिचा आवाज उतरला. "दहाच मिनिटं. माझा नवरा आहे हो तो."

नावराटिलने पेटीकडे पाहिलं, टोपी काढली आणि आपल्या मंडळींना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मग एकेक जण पुढे आला, छोट्या फावड्याने माती टाकून हर्मिनेचा हात हातात घेऊ लागला. दहाव्या-बाराव्या हातापर्यंत ती सभ्यपणे मान हलवत होती. नंतर तिला हुंदकाच आवरेना. रुमालवाल्या म्हातारीने तिला जवळ घेतलं.

सगळं आटोपल्यावर गुस्तीने वहिनीला पाद्र्याबरोबर पुढे पाठवलं आणि नावराटिलला छत्रीखाली ओढलं.

"रोज आणता का हो एवढी माणसं?"

तो चपापला. "मंगळवारी आणि शुक्रवारी."

"मला एक्याऐंशी पुरी झाली. पोरंबाळं नाहीत." तिने वहिनीच्या पाठमोऱ्या आकृतीकडे एकदा पाहून घेतलं. "आधी किती दिवस सांगावं लागतं?"

"दोन दिवस पुरे. पण काकू, हिवाळ्यात आमचं बंद असतं."

"हिवाळ्यात बंद," गुस्ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिने मफलर गळ्याभोवती नीट गुंडाळून घेतला.