दुसरी पसंती

एक्स्टर्न लोकांचा मला मनापासून कंटाळा आहे. वाईट असतात म्हणून नव्हे, फार चांगले असतात म्हणून! डेंटल कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली ही मुलं. पुढे जबड्याच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घ्यायचं असतं, म्हणून आठवडाभर आमच्या हॉस्पिटलात येऊन राहतात. रुग्णाला हात लावायचा नाही, रुग्णाशी बोलायचं नाही. नुसतं बघायचं, सांगितलं तर तोंडातलं रक्त-थुंकी ओढून घेणारी सक्शनची नळी धरायची आणि सगळ्यांशी गोडगोड वागायचं. कारण शुक्रवारी आम्ही त्यांच्याबद्दल काय बोलणार, त्यावर जागा मिळणं न मिळणं ठरतं. मला कॉफीत साखर लागत नाही हे माझ्या नवऱ्याच्या अजून लक्षात राहत नाही, पण एक्स्टर्नला दुसऱ्या दिवशी पाठ असतं.

सप्टेंबरात मार्लिन गिंगरिच आला. ओहायोच्या खेड्यातला, मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या घरातला, उंच, लाल कानांचा. घरी दुधाचा धंदा. शस्त्रक्रिया शिकण्याचं माझं तिथलं तिसरं वर्ष चालू होतं आणि एक्स्टर्न सांभाळायचं लचांड माझ्याच गळ्यात होतं. सोमवारी संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "जा आता घरी. बघण्यासारखं काही उरलेलं नाही."

"बरं, डॉक्टर. उद्या येतो," म्हणाला, आणि गेला!

म्हणजे खरंच गेला हो. आता यात काय झालं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण आमच्यात ही रीतच आहे. आम्ही जा म्हणायचं, एक्स्टर्नने "छे छे, थांबतो की, मला आवडतं" म्हणायचं. पुन्हा जा म्हणायचं, त्याने पुन्हा थांबायचं. मीही अशीच थांबले होते, पायांचे तुकडे पडेपर्यंत, तोंडावर हसू ठेवून.

"टेस, हा तर खराच गेला की गं!" माझ्याबरोबरचा ड्वेन पोट धरून हसत होता.

"गेला तर गेला. तुझं काय जातंय?" मी म्हटलं खरं, पण मलाही राग आला होता. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी जेवायच्या वेळी मी त्याला कॅन्टीनमध्ये गाठलं.

"अरे, तुला इथे जागा हवीय ना?"

"हो, डॉक्टर."

"मग जा म्हटलं की उठून चालू कसा पडतोस?"

त्याने सूपचा चमचा खाली ठेवला. "तुम्हीच जा म्हणालात."

"म्हणाले! पण म्हणून जायचं नसतं!"

"मग थांब का नाही म्हणालात?"

तो मला चिडवत नव्हता, खरोखरच विचारत होता. मग आपणहून सांगायला लागला. "आमच्याकडे हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. बाबांनी तर कोर्टातसुद्धा कधी शपथ घेतली नाही. रोज खरंच बोलायचं असेल तर शपथ वेगळी कशाला, म्हणतात. आता हात थरथरतात त्यांचे. गाईंचं सगळं धाकटा भाऊ बघतो."

"आणि कुठेच जागा नाही मिळाली तर?"

"तर गावात दात भरत बसेन. तेही काम चांगलंच आहे. पण मला हे करायचंय." हे म्हणताना त्याचे कान आणखी लाल झाले.

मला पोरगा आवडला. नळी धरायचा तेव्हा सर्जनच्या डोळ्यांना हवं असायचं तिथे ती आधीच पोचलेली असायची. असं शिकवून येत नाही. याला जागा मिळवून द्यायचीच, असं मी त्या टेबलावर ठरवून टाकलं.

गुरुवारी डोलोरेस क्रूगर तपासणीला आल्या. साठीच्या, ठसठशीत बाई. खालच्या जबड्यात गाठ, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. सह्या वगैरे आटोपल्या आणि उठता उठता त्यांनी विचारलं, "अगं पोरी, ओठ बधिर होईल म्हणालीस, तो नंतर येईल ना ताळ्यावर?"

"बघू या. बऱ्याच जणांना हळूहळू फरक पडतो," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं आहे.

बाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी माझ्यामागे उभ्या मार्लिनकडे बघितलं. "तू सांग रे. तुझं तोंड खोटं बोलणाऱ्याचं दिसत नाही."

मार्लिनने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मी फक्त बघायला आलोय, बाई. मला सांगायची परवानगी नाही. पण डॉक्टरांना माहीत आहे. त्यांनाच पुन्हा विचारा."

असा संताप आला मला! पण बाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मला खरोखरच माहीत होतं. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. "नाही येणार. गाठीबरोबर ओठाला जाणीव देणारी नसही काढावी लागणार आहे. खालचा ओठ आणि हनुवटी कायमची बधिर राहील."

बाईंनी बोटांनी खालचा ओठ चाचपला. मग म्हणाल्या, "मी पोल्का नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. लग्नाच्या आधीपासून."

"पूर्वीसारखं नाही वाजवता येणार."

"शनिवारी पुतणीचं लग्न आहे. तुम्ही उद्याची तारीख दिलीत म्हणून वाजवायला जमणार नाही, असं कळवलं होतं तिला. म्हटलं, नंतर आहेच की वाजवायचं."

गाठ हळू वाढणारी होती, आठवड्याने काही बिघडणार नव्हतं. मी तिथल्या तिथे ऑपरेशन पुढे ढकललं. जाताना बाईंनी माझा हात इतका घट्ट दाबला की बोटं दुखली. त्या गेल्यावर मला रडू आलं, मी ते मास्कमध्ये लपवलं.

शुक्रवारी आमचे प्रमुख डॉक्टर हॉगन एक्स्टर्नला समोर बसवतात, आम्हीही असतो. त्या दिवशी त्यांचा पारा चढलेला होता. आदल्या दिवशी ऑपरेशन रद्द झालं की थिएटर रिकामं जातं, आणि वरची मंडळी त्यांनाच फैलावर घेतात.

"क्रूगरबाईंचं ऑपरेशन का हललं? एक्स्टर्न रुग्णाशी काहीतरी बोलला, असं कानावर आलंय."

"मी हलवलं, सर," मी म्हटलं. "त्यांना खरं मी सांगितलं. हा फक्त 'डॉक्टरांना विचारा' म्हणाला. तेवढंच त्याला बोलता येत होतं, आणि तेवढंच बोलला."

हॉगन माझ्याकडे बघून नुसतेच हुंकारले. मग मार्लिनकडे वळून त्यांनी शेवटचा नेहमीचा प्रश्न विचारला. "बरं. जागा मागताना आम्ही तुझ्या पसंतीत कितवे?"

याचं उत्तर सगळ्या जगाला माहीत आहे. 'पहिले, सर.' विचारणाराही उत्तराकडे लक्ष देत नाही. मी माझ्या वेळी जाईन त्या हॉस्पिटलात हेच म्हणत सुटले होते.

"दुसरे, सर," मार्लिन म्हणाला.

ड्वेनला कॉफीचा ठसका लागला. हॉगननी चष्मा काढला. "आणि पहिले कोण?"

मार्लिनने ओहायोतल्या एका हॉस्पिटलचं नाव सांगितलं. "घरापासून तासाभरावर आहे. शिकायला इथे जास्त मिळेल, ते मला या आठवड्यात दिसलं. पण बाबा तिकडे आहेत."

बाहेर आल्यावर मी त्याला धरला. "अरे बाबा, खोटं नको बोलूस, पण काहीतरी गुळमुळीत तरी बोलायचंस! मी आतमध्ये तुझ्यासाठी भांडतेय आणि तू असा पायावर धोंडा पाडून घेतोस?"

"त्यांनी विचारलं, डॉक्टर." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही भांडलात त्याबद्दल आभारी आहे." हात मिळवला आणि ओहायोला निघून गेला. मला खरंच वाईट वाटलं.

हिवाळ्यात मुलाखती झाल्या. नंतर आमची पसंती लावायची वेळ आली. मुलं आपली पसंती देतात, हॉस्पिटलं आपली देतात, आणि संगणक मुलाच्या पहिल्या पसंतीपासून सुरुवात करून जोड्या जुळवतो. हॉगननी सगळ्यांत वर मार्लिनचं नाव घातलं.

"सर, तो आपल्याला दुसरं म्हणाला होता," ड्वेनने आठवण करून दिली.

"या वर्षी जो आला तो मला पहिलं म्हणाला. त्यातलं खरं कोण बोललं, देव जाणे. याचं तरी मला ठाऊक आहे."

"पण तो येणार नाही हो," मी म्हटलं.

"नाही तर नाही."

जानेवारीअखेर निकाल लागला. मार्लिन गिंगरिच, आमच्याकडे! मी अशी किंचाळले की नर्स धावत आली. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. तो आमच्याकडे आला याचा अर्थ ओहायोवाल्यांनी त्याला घेतलं नव्हतं.

मी फोन लावला. मागे दूध काढायच्या यंत्राचा आवाज येत होता.

"अभिनंदन रे!"

"आभारी आहे, डॉक्टर. जागा मिळाली, मला आनंद झालाय."

"तिकडे काय झालं?"

"त्यांनीही विचारलं होतं. मी म्हणालो, तुम्हीच पहिले. ते हसले, डॉक्टर. म्हणाले, सगळे असंच म्हणतात."

त्या सगळ्यांत मीही होते ना. मी, ड्वेन, आम्ही सगळ्यांनी ते वाक्य इतकं वापरून चोथा करून ठेवलं होतं की एका पोराने ते खरं म्हटलं तर कुणाला ओळखू आलं नाही. आणि त्याचा फायदा कुणाला झाला, तर आम्हालाच. मला त्याची फार लाज वाटली.

"डॉक्टर, बाबा विचारतायत, मधूनमधून घरी येता येईल का?"

येईल की, काळजी नको, हे अगदी ओठावर आलं होतं.

"मधूनमधून नाही," मी म्हटलं. "पहिलं वर्ष फार वाईट असतं, आणि गाडीने येण्याजाण्यातच दिवस जातो. पण जुलैत तू रुजू होशील तेव्हापासून ड्युट्या मी लावणार आहे. महिन्यातून एक शनिवार-रविवार तुला मोकळा देईन. त्याहून जास्त जमणार नाही."

त्याने फोनवर हात ठेवला असावा. पलीकडे एक थकलेला आवाज काहीतरी विचारत होता. मग मार्लिन परत आला.

"बाबा विचारत होते, या बाईंचा शब्द धरून चालायचं का," तो म्हणाला. "मी हो म्हणालो."