शिकंज्याचे ठसे

बाबांच्या तोंडात पहिल्यांदा फोड आले तेव्हा आईने उकळत्या चहाला दोष दिला. चहा कोमट झाला, तरी फोड आले. मग ते छातीवर आणि पाठीवर दिसू लागले. फुटले की खालची लाल जागा तशीच उघडी राहायची, सदरा तिला चिकटायचा. आई तो ओल्या फडक्याने हळूहळू सोडवायची आणि म्हणायची, "हलू नका हो, लहान मुलासारखे."

बाबा लाकडी सामानावर पापुद्रा चढवण्याचं काम करत. हलक्या फळीवर उंची लाकडाचा कागदासारखा पातळ थर सरसाने चिकटवायचा, वर सपाट फळी ठेवून चहूबाजूंनी लोखंडी शिकंजे दांडा फिरवून आवळायचे आणि सरस वाळेपर्यंत वाट बघायची. शिकंजा लवकर काढला तर पापुद्र्याखाली फुगे येतात. उगाच जास्त वेळ ठेवला तर लाकडावर ठसे उमटतात. या दोन्हींच्या मधली वेळ ओळखणं हीच कारागिरी, असं ते म्हणत. कुणी जेवायला बोलावलं तर त्यांच्या टेबलावरून हात फिरवून फुगे शोधत. आई टेबलाखालून त्यांना कोपर मारायची.

त्वचेच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी फोडाशेजारच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीवर अंगठा ठेवला आणि किंचित सरकवला. कातडी अंगठ्याबरोबर सरकली. बाबांनी वाकून पाहिलं. दुसऱ्याचं काम बघावं तसं.

"चिकटलेलंच नाहीये," ते म्हणाले.

"अगदी बरोबर. कातडीच्या पेशी एकमेकींना धरून असतात. तुमचं शरीर त्या धरून ठेवणाऱ्या पदार्थालाच परका समजतंय आणि त्याच्यावर हल्ला करतंय."

"म्हणजे सरस सुटतोय."

"तसंच म्हणा."

"मला होईल का हे?" आईने विचारलं. डॉक्टर नाही म्हणाल्या, हा एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग नव्हे.

"इतक्या वर्षांत माझं काही लागलं नाही तिला, आता काय लागणार," बाबा म्हणाले.

कातडीचा तुकडा तपासायला गेला, रोगाचं नाव आलं. पुस्तकांत मी त्याच्याबद्दल जेवढं सापडलं तेवढं वाचलं. सरसाची उपमा मला कुठल्याही पुस्तकातल्या वर्णनापेक्षा चांगली वाटली. ती रोगापुरती खरी होती.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, सोबत हळू काम करणारं दुसरं औषध. डॉक्टरांनी बजावलं, "फोड गेले तरी गोळी मनाने बंद करायची नाही. मी कमी करत जाईन." बाबा हो म्हणाले. नवे फोड यायचे थांबले, जुन्या जागा कोरड्या पडल्या, ते पुन्हा पोळी खाऊ लागले, आणि एक दिवस कारखान्याचं कुलूप उघडलं. कारखाना म्हणजे घरामागची एक लांब खोली.

गोळ्यांनी चेहरा गोल झाला. हातांची कातडी पातळ होऊन जरा धक्का लागला तरी काळीनिळी पडायची.

"गाल आले हो तुम्हाला," आई म्हणाली. "लग्नात हवे होते, फोटो बरा आला असता."

"ठसे उमटायला लागले," बाबा आरशात बघून म्हणाले. आम्ही हसलो.

त्यानंतर ते कारखान्यात कोसळले. शुद्धीवर होते, पण उलट्या थांबत नव्हत्या आणि रक्तदाब फार खाली गेला होता. इस्पितळात सदरा काढला तेव्हा पाठीवर नवे फोड होते, पूर्वीपेक्षा मोठे. डॉक्टरांनी गोळ्यांबद्दल विचारलं. ते छताकडे बघत राहिले.

"बाबा, बंद केल्यात?"

"वाळलं होतं ग. वाळल्यावर कोण ठेवतं?"

डॉक्टर पलंगाच्या कडेला बसल्या. "यात सरस वाळत नाही. तुमचं शरीर तो रोज सोडवतं आणि गोळी रोज धरून ठेवते. शिवाय शरीर आता गोळीवर विसंबलंय. एकदम काढली की ते कोसळतं."

"मग शिकंजा कधीच काढायचा नाही?"

"काढायचा. पण एकेक फेरा सैल करत. मधे थांबून, बघून."

बाबांनी विचार केला. "हे आधी सांगायचं."

"सांगितलं होतं मी."

"कमी करत जायचं म्हणालात. फेऱ्याचं बोलला नाहीत."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि या वेळी ते स्वतः नर्सला आठवण करून देत. रक्तदाब सुधारला. पण पाठ उघडी होती. तिच्यातून जंतू शिरले, रक्तात पसरले, आणि बाबा गेले. कुणी हलगर्जीपणा केला असं मला म्हणता येत नाही.

भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर आई आणि मी कारखाना उघडला. ते कोसळले त्या सकाळी त्यांनी एका टेबलाचा माथा शिकंज्यांत आवळून ठेवला होता. तो तसाच होता.

"वाळलं असेल ना?" आईने विचारलं.

"केव्हाच."

मी पहिल्या शिकंज्याचा दांडा धरला. आईने माझ्या हातावर हात ठेवला. "एकेक फेरा."

त्याची काही गरज नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं. तरी मी एकेक फेरा सैल करत गेले, मधे थांबून. वरची फळी उचलली आणि माथ्यावरून हात फिरवला, ते फिरवत तसा, कडेपासून आत. फुगा एकही नव्हता. कडेला मात्र, जिथे जिथे शिकंजा होता तिथे, बोट अडकत होतं.

आईनेही बोट लावून पाहिलं.

"ह्यांना हे चाललं नसतं," ती म्हणाली, आणि पदराने माथा पुसू लागली.