पाहणीच्या दिवशी आम्ही गायलो

माझ्या आजोबांकडे एकच शब्द उरला होता. "बसा."

आधी त्यांच्याकडे शब्दांची काही कमी नव्हती. चौकात त्यांचं सलून होतं आणि आत्या म्हणते, गिऱ्हाइकाचे केस कापून व्हायचे पण आजोबांचं बोलून व्हायचं नाही. लोक दाढी झाल्यावरही तसेच खुर्चीत बसून राहायचे, कारण गोष्ट अर्धवट राहिलेली असायची. मग गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला थोडं उतरलं आणि सगळे शब्द गेले. जो शब्द ते आयुष्यभर दारातल्या प्रत्येक माणसाला म्हणत आले, तेवढा राहिला. डॉक्टर आले, बसा. मांजर आलं, बसा. पाय दुखला, बसा. मी पहिल्यांदा हसले होते, खोटं कशाला बोलू? नंतर नाही हसले.

म्हणून आम्ही त्यांना गटात न्यायला लागलो. झटक्यानं वाचा गेलेल्या लोकांचा गट. दवाखान्याच्या मागे पूर्वी जिथं चादरी धुवायचे, ती खोली त्यांना दिली होती. पाणी वाहून जायला तिथली जमीन उतरती केलेली, त्यामुळे सगळ्या खुर्च्या एका बाजूला कलायच्या आणि आम्ही त्यांच्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारायचो. गट चालवायची ताई. म्हणजे वाचा-उपचार करणाऱ्या बाई, पण त्यांना बाई म्हटलेलं आवडायचं नाही. ताईचा पगार आणि लोकांना घरून आणणारी गाडी, दोन्ही सरकारी अनुदानातून. बाकी चहा-बिस्किटं आपली आपण.

आत्याची नोकरी असल्यामुळे शाळा सुटली की आजोबांना न्यायचं काम माझ्याकडे आलं. आणि मी म्हणजे, वक्तृत्वात पहिलं बक्षीस मिळाल्यापासून माझ्या तोंडाला कुलूप नव्हतं. पहिल्याच दिवशी समोरच्या काकू "मला च... च..." करत होत्या, तर मी म्हटलं, "चहा!" ताईनं ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला.

"इथं एकच नियम आहे," ती म्हणाली. "कुणी कुणाचं वाक्य पुरं करायचं नाही."

"पण मला कळलं ना त्यांना काय हवंय."

"तुला कळलं. त्यांना म्हणता आलं का?"

काकूंना चष्मा हवा होता.

मग मी थांबायला शिकले. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल, विचार करा. पण हळूहळू त्या खोलीत मला इतकं कळायला लागलं की विचारू नका. पोस्टमनकाकांचं 'हो' आणि 'नाही' उलटसुलट झालेलं होतं. मनात हो असलं की तोंडातून नाही यायचं आणि नाही असलं की हो. गटात कुणी गोंधळायचं नाही. "काका, चहा?" "नाही!" की लगेच कप त्यांच्या हातात. तेही खूश. आजोबांचं प्रत्येक 'बसा' मला वेगळं ऐकू यायचं: रागाचं, भुकेचं, कंटाळ्याचं.

आणि गाणी! ज्यांना पाणी म्हणता यायचं नाही, ती माणसं होडीवाल्यांचं जुनं गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत म्हणायची. आजोबासुद्धा. मला वाटलं, झालं की मग! ताई म्हणाली, गाणं डोक्यात वेगळ्या जागी राहतं, त्याला धक्का लागत नाही. पण गाण्यातला एक शब्द सुटा काढून वापरायला घे म्हटलं, तर निघत नाही. मी आजोबांना गाण्यातला 'किनारा' म्हणायला सांगून बघितलं. म्हणाले, "बसा."

आजोबांसाठी ताईनं दुसरा शब्द निवडला होता. मला वाटलं होतं माझं नाव निवडेल, निदान पाणी तरी. तिनं निवडलं 'नको'.

"घरी त्यांना विचारता तेव्हा काय म्हणतात?"

"बसा."

"आणि मग तुम्ही काय समजता?"

आम्ही हो समजायचो. अजून वाढू का? बसा. वाढलं. स्वेटर घालू का? बसा. घातला, भर उकाड्यात. आमच्या घरात आजोबांना कशालाच नाही म्हणता येत नव्हतं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यानंतर मी त्यांच्या ताटाकडे बघायला लागले. प्रत्येक वेळी चाटूनपुसून संपवलेलं ताट, आणि वरचे त्यांचे डोळे.

'न' यायला लागला होता. नाकातून, लांबलचक, "नऽऽऽ", आणि मग ओठ आपोआप मिटायचे आणि बसा यायचं. ताई म्हणायची, ओठ उघडे राहायला शिकतायत, आणखी काही महिने लागतील. आजोबांना घाम फुटायचा, पण ते सोडायचे नाहीत. त्या शब्दासाठी ते दारात कपडे करून गाडीची वाट बघत बसायचे.

त्यात पाहणी आली. अनुदान पुढच्या वर्षी चालू ठेवायचं का, हे बघायला समाजकल्याण खात्याचे साहेब येणार होते.

ताई म्हणाली, "जे रोज चालतं तेच दाखवू."

"शोभतं का ते?" आत्या त्या दिवशी मुद्दाम रजा काढून आली होती. "पाहुणा दारात आला आणि आपण रडगाणं गायचं? माणसं नीट दिसायला नकोत?"

सगळ्यांना ते पटलं. काकूंनी तर टाळ्या वाजवल्या. खोली धुऊन काढली, पुठ्ठ्याच्या घड्या दिसू नयेत म्हणून खुर्च्यांवर चादरी टाकल्या. पोस्टमनकाका इस्त्रीच्या शर्टात. आता आजोबांचं सलून सांभाळणाऱ्या माझ्या बाबांनी सकाळीच गटातल्या सगळ्या पुरुषांची दाढी फुकटात करून दिली. आणि सूत्रसंचालन कुणी करायचं, हे सांगायला हवं का?

साहेब आले तेव्हा घामाघूम होते. दुसऱ्या दोन संस्था बघून आले होते आणि आणखी एक बाकी होती. आजोबा दाराजवळच होते. त्यांनी डावा हात खुर्चीकडे केला आणि मान लववून, अगदी सलूनमधल्या थाटात म्हणाले, "बसा."

"वा!" साहेब म्हणाले आणि बसले.

आम्ही सगळे आजोबांकडे कौतुकानं बघत राहिलो. खरंच सांगते, मला तेव्हा अभिमानच वाटला.

मग गाणं झालं. काय गायले सगळे! काकूंनी शेवटची ओळ वर नेली तेव्हा साहेबांनी डोळे पुसले. मग ते पोस्टमनकाकांकडे वळले. "काय काका, काही अडचण वगैरे?"

"नाही!" काका ठासून म्हणाले. "नाही, नाही!"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांना किती अडचणी होत्या हे आम्हाला ठाऊकच होतं. त्यांना घरी फोन उचलायची चोरी होती, बँकेत त्यांच्या सहीला किंमत उरली नव्हती, सून त्यांच्याशी बोलायची बंद झाली होती. ते सगळं त्या 'नाही'मध्ये होतं आणि आम्हाला लख्ख ऐकू आलं. साहेबांनी लिहून घेतलं.

"आणि तुम्हाला कसं वाटतं इथं?" त्यांनी आजोबांना विचारलं.

आजोबांनी तोंड उघडलं. "नऽऽ..."

ताई थांबली. मी थांबले. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. आत्यानं मला ढोसलं, आणि मी माईक हातात असलेली मुलगी, मी म्हटलं, "नवा जन्म झाल्यासारखं वाटतं, असं म्हणतायत ते!"

टाळ्या. ताईनं नाही वाजवल्या. ती साहेबांच्या मागोमाग गाडीपर्यंत गेली, काहीतरी सांगत होती, हातवारे करत होती. साहेब हसून म्हणाले, "अहो, इतका विनय बरा नव्हे." गाडी गेली.

दोन महिन्यांनी पत्र आलं. ताईनं ते गटात मोठ्यानं वाचलं, कारण तिथं कुणापासून काही लपवायचं नाही असं तिचं म्हणणं. लाभार्थींच्या वाचेत समाधानकारक सुधारणा झाल्याचं पाहणीत आढळलं. योजनेचा हेतू सफल झाला असल्यानं पुढील वर्षापासून अनुदानाची आवश्यकता दिसत नाही. गायनाच्या उपक्रमासाठी सांस्कृतिक खात्याकडे अर्ज करता येईल. सर्वांचं अभिनंदन.

"हात दाखवून अवलक्षण," आत्या पुटपुटली.

"हो," पोस्टमनकाका म्हणाले. "हो, हो, हो." म्हणजे नाही. ते रडत होते.

मी म्हटलं, असं कसं, आपण जाऊन सांगू! आजोबांनाच घेऊन जाऊ, बघू दे त्यांना. ताई हो-ना करत तयार झाली. खात्याच्या कचेरीत लिफ्ट बंद होती. शिपायानं आणि मी मिळून आजोबांना जिन्यानं वर नेलं. साहेबांनी ओळखलं, उभे राहिले.

"अरे, या या. काय म्हणता, आजोबा?"

"बसा," आजोबा म्हणाले.

"बसतो, बसतो. तब्येत कशी आहे?"

"बसा."

"नाव काय तुमचं? त्या दिवशी विचारायचंच राहिलं."

आजोबा कितीतरी वेळ प्रयत्न करत होते. कपाळाची शीर टरारली. मी ओठ दातांखाली धरले होते. शेवटी ते म्हणाले, "बसा," आणि मान खाली घातली.

साहेबांचा चेहरा उतरत गेला. माणूस वाईट नव्हता, हेच तर वाईट. वाईट असता तर भांडता आलं असतं.

"मग त्या दिवशी तुम्ही का नाही..." ते म्हणाले. "मी चार ठिकाणं बघितली. एका ठिकाणी मुलं जमिनीवर झोपलेली होती. तुमच्याकडे गाणी, टाळ्या. मला वाटलं, इथं देव पावला."

"आम्हाला एकमेकांचं कळतं," ताई म्हणाली. "बाहेरच्याला काय ऐकू येत असेल, ते आम्ही विसरलो."

"यादी वर गेलीय. पैसे वाटून झालेत. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, मी स्वतः लक्ष घालीन."

"मधलं वर्षभर यांनी काय करायचं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

साहेबांनी शिपायाला चहा सांगितला.

ताईनं पगाराशिवाय आणखी थोडे दिवस गट चालवला. पण गाडी बंद झाल्यावर माणसंच येईनात. काकू तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायच्या. मग ताईला दुसऱ्या गावी नोकरी लागली. जाताना ती मला सांगून गेली, रोज सराव घे, घाई करू नकोस. मी घेतला. अगदी नेमानं. पण मला ते ओठ कसे धरायचे, कुठं दाबायचं, ते जमायचं नाही. माझ्यासमोर आजोबा लवकर दमायचे. 'न' लांबायच्याऐवजी आखूड होत गेला. दारात कपडे करून बसणं मात्र त्यांनी बरेच दिवस सोडलं नाही. मग सोडलं.

मागच्या रविवारी बाबा त्यांची दाढी करत होते. ते दर रविवारी करतात, अंगणात खुर्ची टाकून, सलूनमधलंच कापड गळ्याशी बांधून. बाबा कमी बोलतात, हात हलका आहे.

"अण्णा," ते म्हणाले, "मिशीखाली पुरळ आलंय. लाळ साठते तिथं. मिशी काढून टाकू ना?"

आजोबांची मिशी सगळ्या गल्लीला माहीत आहे. लग्नाच्या फोटोतही तीच आहे. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते, उठून उभी राहिले. आजोबा बाबांकडे बघत होते आणि त्यांच्या नाकातून आवाज आला. "नऽऽऽ..."

लांब. कितीतरी दिवसांत एवढा लांब आला नव्हता. ओठ उघडे होते! बाबा वाट बघत थांबले. माझ्या जिभेवर शब्द तयार होता. पण येतोय, मला वाटलं, येतोय, त्यांचा त्यांनाच म्हणू दे, मी मध्ये पडले तर पुन्हा कधी यायचा नाही. मी मूठ आवळली आणि थांबले.

ओठ मिटले.

"बसा," आजोबा म्हणाले.

"हां," बाबा म्हणाले आणि वस्तरा फिरवला.

"नको म्हणतायत ते!" मी ओरडले. "बाबा, नको म्हणत होते!"

बाबांचा हात थांबला. त्यांनी आजोबांकडे बघितलं, मग कापडावर पडलेल्या पांढऱ्या केसांकडे. आजोबा समोर भिंतीकडे बघत होते. त्यांचे डोळे कोरडे होते.

मग बाबांनी ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला. अर्धी मिशी ठेवता येत नाही. उरलेली काढावीच लागली.