सहमार्गदर्शकाची ओळ

लिंबाच्या पानावरची बुरशी ओळखायला माझ्या विद्यार्थ्याला, लाउतारोला, मी शिकवलं, असं अर्जेंटिनातल्या आमच्या तुकुमानच्या विद्यापीठाचे कागद सांगतात. साफ खोटं. सूक्ष्मदर्शकाखाली काच कशी ठेवायची इथपासून प्रबंधातलं लांबलेलं वाक्य कुठे तोडायचं इथपर्यंत सगळं माझ्या प्रयोगशाळेतल्या मिर्नाने शिकवलं. तिची स्वतःची डॉक्टरेट तेव्हा नुकती झालेली, नोकरी नाही, नुसती शिष्यवृत्ती. मी, प्राध्यापक आयदे, आयत्या बिळावर नागोबा.

प्रबंध नोंदणीच्या अर्जावर मार्गदर्शकाच्या खाली सहमार्गदर्शकाची एक ओळ असते. चार वर्षांपूर्वी मिर्ना तो अर्ज घेऊन आली.

"प्रोफे, इथे माझं नाव घालायचं?"

मी आमचा कडू चहा, माते, पीत होते. "अगं, दोन नावं दिसली की कचेरी आणखी तीन कागद मागते. पुढच्या वर्षी घालू. तू काय पळून चाललीयेस?"

ती हसली. पुढच्या वर्षी मी विसरले. त्याच्या पुढच्या वर्षी तिने विचारलं नाही.

यंदा शिष्यवृत्ती संपत आली, म्हणून तिने कायम संशोधकाच्या जागेसाठी अर्ज केला. निवड समितीत मीही होते. आपल्या माणसाचं नाव निघालं की उठून बाहेर जायचं, असा नियम. मी निमूटपणे बाहेर बाकावर जाऊन बसले. परत आले तोवर यादीवर सह्या झाल्या होत्या. 'विद्यार्थी घडवले' या रकान्यात मिर्नाला शून्य. दीड गुणाने जागा गेली.

मी तडक प्रयोगशाळेत गेले. ती लाउतारोच्या प्रबंधातली चित्रं तपासत होती.

"मिर्ना, मी शिफारसपत्र लिहिते. सगळं खरं लिहिते."

"पत्राला गुण नसतात, प्रोफे," ती म्हणाली. आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. पुढच्या महिन्यापासून ती रोसारिओला बियाण्यांच्या कंपनीत जाणार होती.

लाउतारोची तोंडी परीक्षा झाली. अंगणात इथल्या रिवाजाप्रमाणे मित्र त्याच्या डोक्यावर अंडी फोडत होते, पीठ उधळत होते. मिर्ना माझ्या शेजारी उभी होती. मुख्य परीक्षक आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बाई, काय तयार केलंयत पोराला!"

एवढंच म्हणायचं होतं की, मी नाही, हिने.

मी म्हणाले, "आभारी आहे."