आरियाचा आवाज

सुकापूरच्या गावदेवीला कळस चढवायचा होता आणि बोळ एवढा अरुंद, की क्रेनचं तोंडही आत शिरेना. तेव्हा कुठे गावाला दयारामदादाची आठवण झाली. सव्वीस वर्षं बोटीवर खलाशांचा म्होरक्या म्हणून काढलेला हा तांडेल आता धाकटा भाऊ भरत आणि सहा गडी घेऊन पनवेलभर टाक्या, यंत्रं, लोखंडी जिने दोर-कप्पीने चढवून द्यायचा.

त्याच्या टोळीत दोनच शब्द चालत. ‘हाबेस’ म्हटलं की ओढायचं, ‘आरिया’ म्हटलं की सैल सोडायचं. नव्या सोसायट्यांतल्या लोकांना वाटे, म्हातारा कसला मंत्र म्हणतोय. दयाराम हसून सांगे, “आरिया फिरंग्यांचा. शीड उतरवायला ते असंच कायतरी बोलायचे. ते गेले, शब्द खलाशांच्या तोंडात राह्यला. हाबेस कुटला, ते मना ठावं नाय. बोटीवर गुजराती, मलबारी, चाटगावचे, आमी कोकनातले. कुनाचं कुनाला कलायचं नाय, पन हे दोन शब्द सगल्यांना कलायचे.”

दोर धरणाऱ्यांनी मालाकडे पाठ करायची, हा त्याचा नियम. वर बघितलं की हात ढिला पडतो. म्हणून आवाज एकाचाच, आणि तो दयारामचा. बाप गेला तेव्हा भरत सात वर्षांचा होता. दयारामने त्याला वाढवलं, हाताला धरून हे काम शिकवलं. दोघांचा आवाज इतका सारखा, की फोनवर वहिनीसुद्धा फसायची.

कळस वर पोचला. भरत परांचीवर, म्हणजे शिखराला बांधलेल्या बांबूंच्या माचीवर उभा होता. खाली दयाराम हात वर करून कळस हलायचा थांबण्याची वाट पाहत होता. सनईचा भोंगा कर्कश वाजत होता. मुहूर्ताची तीन मिनिटं उरली म्हणून भटजी घड्याळ नाचवत होते, आणि माणसं अक्षता घेऊन ताटकळली होती.

“आरिया!”

सहा जणांनी दोर सोडला. कळस अजून शिखरावरच्या खिळ्यावर आलाच नव्हता. तो कलंडला, दगडाच्या कडेवर आपटला आणि त्याची मान वाकडी झाली. बायकांनी तोंडावर पदर घेतले.

“कोन बोलला आरिया?” देवळाच्या कमिटीचे हरेश पाटील कडाडले.

“आवाज दादांचा,” गडी म्हणाले. खोटं बोलत नव्हते बिचारे. त्यांच्या पाठी होत्या तिकडे.

दयाराम घाबरला नाही. हाक वरून, माचीवरून आली होती, हे त्याने ऐकलं होतं. भरत उतरेल आणि खरं सांगेल, एवढंच त्याला ठाऊक होतं. भरत उतरला. हात पुसले.

“दादाचं वय झालं आता,” तो पाटलांना म्हणाला. “मी वरून हात दाखवत व्हतो, थांब म्हनून.”

“भरत, माज्या डोल्यात बघून सांग,” दयाराम म्हणाला.

भरतने पाटलांकडे बघितलं. परक्याने केलं असतं तर दयारामने तिथल्या तिथे धुऊन काढलं असतं. पण ह्याला मारायचं कसं, हे त्याला कधी शिकताच आलं नव्हतं.

घरी बायकोने, गंगूने, भात वाढला. मग तिने विचारलं, “खरंच तुमी नाय ना वो?” दयाराम ताटावरून उठला.

तांबटाने कळसाची मान सरळ केली. नवा मुहूर्त निघाला. त्या सकाळी भरत दारात आला, आत मात्र आला नाही.

“कमिटी बोलली, आवाज मीच द्यायचा. माज्या जागी एक गडी वर चढनार. दोरावर एक मानूस कमी हाय, दादा.”

हा निलाजरेपणा ऐकून गंगू भांडायला उठली. दयारामने तिला हातानेच बसवलं आणि चपला घातल्या. मनात एकच गोष्ट पक्की होती. ह्याच्या हाकेवर आपण ओढायचं नाही. सगळ्यांदेखत दोर टाकून द्यायचा आणि मग बोलायचं काय ते.

त्याने दोराचं शेवटचं टोक धरलं. देवळाकडे पाठ केली. गडी त्याची नजर चुकवत होते.

“हाबेस!”

तरुणपणचा त्याचाच आवाज मागून आला. दयारामने दात आवळले. आणि मग त्याला दिसलं की त्याचे हात केव्हाच ओढायला लागले होते.