वाढवलेले उंबरे

खांदा कॉलनीतल्या कॉलेजात हवामानाची मॉडेल्स शिकवता शिकवता सफूराचा पारा चढला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं होतं, "मॅडम, हे कॉम्प्युटरचे अंदाज कशाला खरे मानायचे?"

"एकाचं मानूच नकोस," ती फटकन म्हणाली. "पण वेगवेगळ्या देशांत वीस जणांनी आपापलं गणित मांडलं आणि विसांनीही समुद्र चढतोय असंच सांगितलं, तर?"

समुद्रकाठच्या करंजा गावाहून येणारी पूर्वी नावाची मुलगी हळूच उभी राहिली. "मॅडम, उधाणाचं पाणी आत येतं म्हणून आमच्या बाबांनी दोनदा उंबरा वाढवला. ते म्हणतात, आपलं घर खचतंय. पण गल्लीत सगळ्यांनीच उंबरे वाढवलेत. घर खचलं म्हटलं तर सोयरीक जमत नाय, म्हणून कोणी कोणाला सांगत नाय."

वर्गात हशा पिकला. सफूराच्या हातातला खडू मात्र फळ्यावरच थांबला. उरणला खाडीकाठी तिच्या अम्मीचं घर होतं. गेल्याच महिन्यात तिथला उंबरा तिने वीतभर वाढवून घेतला होता, आणि पाया कच्चा घातलास म्हणून म्हाताऱ्या गवंड्याला चारचौघांत चोर म्हटलं होतं.