सापडले नाही, तर

"आज या खोलीतून माणसाच्या इतिहासाला नवं वळण मिळणार आहे," विश्वजीतने जाहीर केले. तेवढ्यात दार ढकलून कोणीतरी विचारले, "खोली अजून किती वेळ लागेल? आमचा केक वितळतोय." इतिहास उचलून सगळे चहाच्या मशीनशेजारच्या टेबलावर आले.

सगळे म्हणजे दोघे. बाणेरच्या या कंपनीचा तरुण मॅनेजर विश्वजीत, आणि त्याच्या आईच्या वयाच्या वासंती कुदळे, ज्यांना कंपनीने कंत्राटावर घेतले होते.

वासंतीबाईंनी तीस वर्षे माहितीपत्रके लिहिली. पंप, गीझर, मिक्सर. 'पंप कोरडा चालवू नये.' 'भांडे नीट बसल्याची खात्री केल्याशिवाय बटण फिरवू नये.' हे लेखन लाखो घरांत पोचले आणि त्यातल्या एकाही घरात कोणी ते वाचले नाही. एवढा खप आणि एवढी उपेक्षा एकाच वेळी वाट्याला आलेली लेखिका पुण्यात दुसरी नसेल. कवींचे बरे असते, त्यांना निदान खप तरी नसतो.

आताचे काम मात्र निराळे होते. शहरभर पसरलेल्या औषध-दुकानांच्या एका साखळीत कुठले औषध कुठे शिल्लक आहे, याचा मोठा डेटाबेस होता. त्यात शोध घेणारे साधन विश्वजीतच्या टीमने बनवले होते. गिऱ्हाइकाने मोबाइलवर विचारले, की ते साधन वापरून उत्तर द्यायचे एआय एजंटने. आणि साधन केव्हा वापरावे, कसे शोधावे, काय सांगावे, हे त्या एजंटला लिहून द्यायचे वासंतीबाईंनी. एजंट दर वेळी ते सगळे वाचणार होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. हे ऐकून बाईंना पहिल्या दिवशी जरा गलबलून आले होते.

भानगड अशी झाली की बाई कसबा पेठेत वाढलेल्या. सूचना म्हणजे दारावरची पाटी, एवढाच नमुना त्यांच्यासमोर. 'पूर्ण नाव कळल्याशिवाय शोधू नये. एकदा शोधल्यावर तेच ते पुन्हा शोधत बसू नये.' एजंटने सूचनांबरोबर सूरही उचलला.

"मॅम, हे बघा." विश्वजीतने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. "मी टेस्टिंगला टाकलं, खोकल्याचं औषध आहे का? तर हा म्हणतो, 'नाव सांगा. खोकल्याचं हे नाव नव्हे.' मॅम, हा कस्टमरवर डाफरतोय!"

"डाफरत नाहीये. नाव विचारतोय."

"बरं, टोनचं नंतर बघू. पण हे चौथं काढा."

चौथी सूचना अशी होती : 'सापडले नाही, तर सापडले नाही असे सांगावे. मिळतेजुळते पुढे करू नये.'

"का काढायचं?"

"नाही म्हणणं निगेटिव्ह वाटतं ना. लिहा की, सिमिलर काहीतरी सजेस्ट कर. कस्टमर दुकानापर्यंत तर येईल."

"येईल. मग?"

"मग काय, बघेल तिथे."

वासंतीबाईंनी लॅपटॉप परत त्याच्याकडे फिरवला. गेल्या वर्षी त्यांच्या आईला एक इंजेक्शन हवे होते. कुठल्याशा ॲपवर 'उपलब्ध' असे दिसले, म्हणून त्या रिक्षा करून शनिवार पेठेत गेल्या. दुकानदार म्हणाला, "ते नाही हो, तसलंच दुसरं आहे. देऊ?" तिथून त्या दुसरीकडे गेल्या, मग आणखी कुठे. शेवटी मिळाले. बर्फाच्या पिशवीतून ते घेऊन परतल्या, तेव्हा त्याची गरज उरली नव्हती.

हे त्यांनी विश्वजीतला सांगितले नाही. सांगितले असते तर तो "सो सॉरी, मॅम" म्हणाला असता, आणि मग चौथी सूचना काढा म्हणाला असता.

"काढते," त्या म्हणाल्या. "फक्त एक करा. 'नसलेलं औषध असल्यासारखं भासवा' एवढं मला मेलवर पाठवा. खाली तुमचं नाव घाला."

"मॅम, असं कोण लिहून देतं?"

"मग मी तरी कसं लिहू?"

"अहो, आज डेमो आहे. क्लायंट गेला ना, तर तुमचं कंत्राटही..."

"महिनाअखेरपर्यंत आहे ना ते? तोवर वाक्य राहील. तीस वर्षांत मला वाचणारा पहिल्यांदा भेटलाय, विश्वजीत. त्याला पहिली गोष्ट थापा मारायची शिकवू?"

विश्वजीतने मेल उघडला. दोन शब्द लिहिले, खोडले, आणि पाणी प्यायला निघून गेला. वाक्य राहिले.

दुपारी दुकानांच्या मालकीण कल्याणी शितोळे आल्या. बसता बसताच म्हणाल्या, "प्रेझेंटेशन नको. मी विचारून बघते." त्यांनी आपल्या सासऱ्यांच्या एका औषधाचे नाव टाकले.

एजंटचे उत्तर आले : 'हे औषध आत्ता आपल्या एकाही दुकानात नाही. पर्याय मी सुचवणार नाही. तो डॉक्टरांना विचारावा.'

"नाही म्हणतोय हा," कल्याणीबाई म्हणाल्या.

"मॅम, ते चेंज होईल, दोनच मिनिटं..."

"थांबा हो जरा. आमची काउंटरवरची पोरं कधी नाही म्हणतच नाहीत. 'संध्याकाळी या' म्हणतात. इकडे मालाच्या गाडीचा पत्ता नसतो, आणि संध्याकाळी लोक येऊन मला शिव्या घालतात. हे कोणी लिहिलंय?"

विश्वजीतने तत्परतेने वासंतीबाईंकडे बोट दाखवले.

बाई उभ्या राहिल्या. "मी. आणि मी ते बदलणार नाही."

"बदला म्हणतंय कोण? राहू द्या."

"ॲक्च्युअली, हे आमचं पहिल्यापासूनचं व्हिजन आहे," विश्वजीत म्हणाला. बोट खाली घ्यायचे मात्र तो विसरला होता.

संध्याकाळी कसब्यातल्या घराचा जिना चढताना वासंतीबाईंचे पाऊल जरा जोरातच पडत होते. त्यांचे यजमान हिंदुराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर भिंतीवरची एकही सूचना त्यांनी मोडली नाही, म्हणून दहाही बोटे जागेवर होती. ती दहाही बोटे आत्ता मिक्सरवर टेकवून ते चटणीकडे बघत उभे होते.

"अहो, आज माझं एक वाक्य राहिलं," बाई दारातूनच म्हणाल्या. "कोणाच्यानं हललं नाही. आणि तो ते रोज वाचणार. वाचून पाळणार."

"वा, वा!" हिंदुराव अगदी मनापासून म्हणाले. "अगं, हा सुरूच होत नाहीये."

"फडताळात त्याचं पुस्तक आहे. पहिल्याच पानावर दिलंय. मीच लिहिलंय ते."

"ते कोण वाचत बसतंय! तू येऊन जरा भांडं बसवून दे ना."